घड्याळ मागं कुणी घेतलं

कवठे महांकाळ,
२४ ऑक्टोबर १९४५

माझी नात तुमच्या घरात दिवसातनं एकदाच जेवती, हे मला घोंगडी विकणाऱ्या हरिबानं सांगावं? तुमच्या घरात सांगायला तोंडं न्हाईत का लिवायला कागद न्हाई? त्रिशलाला पाचवा महिना लागलाय. पाचव्या महिन्यात बाईनं दोघांचं खायाचं असतं. तुमी तिचं एकटीचं बी अर्धं काढून घेतलंत.

रामगोंडाअण्णा, जयजिनेंद्र. हा आधी लिवला असता तर राग निवला असता, म्हणून आता लिवला.

हरिबा गेल्या आठवड्यात साताऱ्याला तुमच्या दारात घोंगडी उलगडून बसला होता. दिवस अजून कासराभर वर होता. तुमच्या घरात अंथऊची, दिवस बुडायच्या आतल्या जेवणाची, गडबड चाललेली. तुमी ताटावर बसलेले, शालूबाई आत-बाहेर करत वाढत होत्या, आन माझी नात उंबऱ्याबाहेर शेंगा फोडत बसली होती. चुलीपाशी न्हाई, ताटापाशी न्हाई. हरिबा तिला परकरात असल्यापासनं वळखतो. त्यानं विचारलं, पोरी, तू जेवली का. तर म्हणाली, मला सकाळचंच पुष्कळ होतं. अण्णा, तिला मी वाढवलंय. सकाळच्या भाकरीवर ती दुपारपतोर बी टिकत न्हाई.

मग हरिबानं तुमच्या गड्याला बाजूला घेऊन विचारलं. गडी म्हणाला, धाकल्या बाईंनी दिवस बुडल्यावर खाल्लं आन सासूला बी खाऊ घातलं, म्हणून त्यांनी चुलीला हात लावायचा न्हाई, आन एकच येळ जेवायचं. महाराज येऊन प्रायश्चित्त देईपतोर.

महाराज कवा येणार? त्यांचा विहार पायी चालतो. पोटातलं पोर त्यांच्यासाठी थांबणार हाय व्हय?

माझा लेक, तुमचा व्याही, म्हणतो, आई, दिल्या घरात नाक खुपसू नको. तो शाळूच्या रानाकडं गेलाय तवर लिवते. काय झालं ते खरं कळवा आन पोरीला दोन येळा वाढा. त्यातलं वाढायचं काम आधी करा, कळवायचं मागनं केलं तरी चालंल.

गुणमाला

*

सातारा,
३० ऑक्टोबर १९४५

गं. भा. गुणमालाबाई यांस रामगोंडा याचा सविनय जयजिनेंद्र.

आपले पत्र पावले. भाषा कडक आहे, परंतु आपण वडील आहात, तेव्हा गोड मानून घेतो. गड्याकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून पुरते ऐकावे म्हणून सविस्तर लिहितो.

लढाईपायी सरकारने बेचाळीस साली सगळीकडची घड्याळे एक तास पुढे करवली, हे आपणांस स्मरत असेल. लढाई संपली, आणि या महिन्याच्या पंधरा तारखेपासून तो नवा टाइम रद्द झाला. त्याप्रमाणे आमच्या सोप्यातले घड्याळही सकाळीच मागे घेण्यात आले. परंतु स्वयंपाकघरातले कॅलेंडर वर्षारंभी छापलेले. त्यात सूर्यास्त नव्या टाइमाप्रमाणे म्हणजे सात वाजून गेल्यावरचा दिला आहे. जुन्या टाइमाने तोच सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो.

सौ. शालूबाईस घड्याळ वाचता येत नाही. सून शिकलेली, म्हणून ती या घरात आल्यापासून अंथऊची वेळ पाहण्याचे काम तिच्याकडे आहे. त्या दिवशी आभाळ भरून आले होते, दुपारपासून ऊन म्हणून नव्हते. घड्याळात सहा वाजले तेव्हा सुनेने कॅलेंडर पाहिले, अजून तास आहे असे धरले आणि सावकाश भाकऱ्या केल्या. मी त्या दिवशी कराडास होतो. सासूसुना जेवत असता चि. भूपाल कचेरीतून आला आणि म्हणाला, "आई, हे काय करतेस? दिवस बुडाला." सौ.च्या हातातला घास हातातच राहिला.

भूपालच्या दक्षतेमुळे चूक कळली तरी. तो स्वतः त्या दिवशी काही न खाता निजला.

सौ.ने लहानपणी रात्री न जेवण्याचे व्रत घेतले ते आजवर मोडले नव्हते. बाळंतपणात नाही, प्लेगात गावाबाहेर झोपडीत राहिलो तेव्हाही नाही. महाराज साताऱ्याकडे येईपर्यंत एकाशन करायचे, दिवसातून एकदाच जेवायचे, असे तिने ठरवले आहे, आणि सुनेनेही ते मान्य केले आहे. चुलीचे म्हणाल तर ज्या हातून चूक झाली तो हात काही दिवस चुलीपासून दूर राहावा, इतकेच. बायकांच्या व्रतात आम्ही पुरुष पडत नाही. आपणही पडू नये ही विनंती.

आपला,
रामगोंडा

*

कवठे महांकाळ,
३ नोव्हेंबर १९४५

वाढायला सांगितलं होतं, ते केलं का न्हाई याचा एक शबूद तुमच्या पत्रात न्हाई. दोन बाजू कागद लिवला, आन पोरीच्या ताटात भाकरी किती पडती ते न्हाई.

अण्णा, जयजिनेंद्र.

तुमचं सगळं समजलं. एकच समजलं न्हाई. घड्याळ मागं घेण्यात आलं म्हणता. कुणी घेतलं? बैल सांजचा आपल्या पायानं गोठ्यात येतो. घड्याळ तसं मागं येत न्हाई. तुमचं ते भिंतीवरचं घड्याळ मी लग्नात बघितलंय, स्टूल घेतल्याबिगर त्याच्या काट्याला हात पोचत न्हाई. शालूबाईला काटे कळत न्हाईत. तुमी कराडला. त्रिशलानं काटा फिरवला असता तर ती फसली नसती. मग स्टुलावर चढलं कोन, ते नावानिशी लिवा. आन चढून उतरल्यावर त्या माणसानं चुलीपाशी असलेल्या बायकांना चार शब्द का सांगितलं न्हाई, ते बी लिवा.

आता व्रताचं. बेचाळीसला सरकारनं घड्याळं पुढं ढकलली तवा आमच्या म्हशीला कागद आला न्हाई. ती आपल्या येळेलाच पान्हा सोडत ऱ्हायली. आमी बी आमच्या येळेलाच जेवलो. मागल्या दारी चिंच हाय, तिचं पान मिटायला लागलं की आमी हात धुतो. आभाळ भरलं असलं तर वाईच आधी बसतो. तुमच्या घरात कुणी दाराबाहेर मान काढून बघायची तसदी घेतली न्हाई. सगळ्यांनी एका पोरीच्या डोळ्यांवर भार टाकला, तिनं कागदावर टाकला, आन कागद सरकारच्या भरवशावर. सरकारनं तीन सालामागं नेलेला तास गुपचूप परत आणून टाकला. ह्या सगळ्या साखळीत उपाशी बसवायला तुमाला एक पोटुशीच सापडली?

शालूबाईला माझा निरोप सांगा. सवता वाढत बसायचं आन सुनेला ताटावरनं उठवायचं, ही कुठल्या महाराजांनी शिकवलेली अहिंसा?

मला मधलं काही नको. नाव कळवा.

गुणमाला

*

सातारा,
१० नोव्हेंबर १९४५

प्रिय आजी,
जयजिनेंद्र.

तू मामंजींना पत्रं लिहिणं थांबव. तुझं पत्र आलं की ते वाचून कोनाड्यात ठेवतात आणि दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. आत्याबाईंना पत्रात काय आहे ते कुणी वाचून दाखवत नाही, त्यामुळे त्या आणखी घुम्या झाल्या आहेत.

चूक माझीच झाली. घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होती. आत्याबाई माझ्यावर विश्वासून जेवायला बसल्या होत्या. त्यांचा तो चेहरा तू पाहिला असतास तर तूही गप्प बसली असतीस. "त्रिशला, मी तुझ्या डोळ्यांनी जेवत होते गं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी काळजी करू नकोस. चक्कर येते, पण ती या दिवसांत सगळ्यांनाच येते म्हणतात.

मामंजींना तू काय विचारलंस ते मी वाचलं, म्हणून लिहिते. घड्याळाला किल्ली तेच देतात. दर सोमवारी कचेरीत जाताना देतात, त्या सोमवारीही दिली. कचेरीचा टाइम बदलला होता, घाई होती, सांगायचं राहून गेलं असेल. त्यांना तू काही विचारू नकोस. कचेरीत त्यांना आधीच फार त्रास आहे. आणि मला ते फार जपतात.

परवा मला रडू आलं तर त्यांनी एका मासिकात वाचलेलं सांगितलं. मोठमोठ्या वेधशाळांतून आता अशी घड्याळं आहेत की त्यांनी म्हणे पृथ्वीचीच चूक पकडली. आपल्याला वाटतं पृथ्वी रोज सारखीच गिरकी घेते. तसं नाही. वर्षातले काही महिने ती जरा रेंगाळते, काही महिने जरा घाई करते. शिवाय समुद्राच्या भरती-ओहोटीचं तिला ओझं आहे, त्यानं ती युगायुगांनी मंद होत चालली आहे. आपल्याला कळणार नाही इतकं थोडं, पण होतं. म्हणाले, पुढेमागे अशी वेळ येईल की घड्याळं बिनचूक चालतील आणि पृथ्वी मागे राहील, मग घड्याळांनाच तिच्यासाठी जरा थांबावं लागेल. पृथ्वी चुकते तिथे तू चुकलीस तर काय बिघडलं, असं म्हणाले. मला हसू आलं. ते असं काही सांगायला लागले की मी सगळं विसरते.

म्हणून म्हणते, आजी, भांडू नकोस. महाराज येतील, सगळं नीट होईल.

तुझी,
त्रिशला

*

कवठे महांकाळ,
१५ नोव्हेंबर १९४५

चक्कर सगळ्यांनाच येती हे तुला कुणी सांगितलं? मी सात बाळंतपणं केली, मला एकदा बी आली न्हाई. मला दोन येळचं मिळत होतं.

त्रिशला, आशीर्वाद.

तुझं पत्र मी शेजारच्या मास्तरणीकडनं दुसऱ्यांदा वाचून घेतलं, मला वाटलं माझ्याच वाचण्यात काही चुकलं असंल. न्हाई चुकलं. तुझा नवरा साता समुद्रापलीकडच्या वेधशाळेत पृथ्वी कुठं रेंगाळली ते जाणतो, आन सोप्यातल्या घड्याळाचा काटा कुणी फिरवला ते त्याला ठाऊक न्हाई. पृथ्वी चुकली म्हणायला त्याची जीभ उचलती. मी चुकलो म्हणायला उचलत न्हाई.

लय गोड बोलतो, ते मला लग्नातच दिसलं होतं. गोड बोलणं वाईट न्हाई. पण ज्या दिवशी तो दारात येऊन म्हणाला, आई, हे काय करतेस, त्या दिवशी त्याला सगळं ठाऊक होतं. सकाळी काटा त्यानंच मागं घेतला होता. म्हणूनच तर तो सवता जेवला न्हाई. तिथंच त्यानं म्हणायचं होतं, आई, त्रिशलाला मी सांगायला विसरलो. आईनं फार तर चार शिव्या दिल्या असत्या. तो गप बसला. आन आता तुला आकाशातल्या गोष्टी सांगून रिझवतो.

ती पृथ्वीची गोष्ट मात्र मला पटली, खोटं कशाला बोलू. पृथ्वी मागं ऱ्हायली तर घड्याळानं तिच्यासाठी थांबायचं, एवढी समज लोखंडाच्या काट्याला देणारी माणसं जगात हायेत. तिच्यावर कुणी उपास लादत न्हाई. ओझं वागवणारी हाय, मंद होणारच, असं म्हणतात. मग तू कसलं ओझं वागवतीस? तुझ्यासाठी त्या घरात कोन थांबलं?

तर ऐक. हे पत्र मिळंल त्या दिवसापासनं दोन येळा जेवायचं. कुणाला विचारायचं न्हाई, कुणाशी भांडायचं न्हाई, रडायचं तर मुळीच न्हाई. दिवस वर असताना ताट घ्यायचं, बसायचं, खायाचं. व्रत मोडायला मी सांगत न्हाई, सूर्य बघून खा. चुलीला हात लावू देत न्हाईत ते बरंच हाय, केलेलं बसून खा. कुणी विचारलं तर म्हणायचं, आजीनं सांगितलंय. माझं नाव घ्यायला भिऊ नको, ते झिजून काही कमी होत न्हाई.

आजी

*

सातारा,
२४ नोव्हेंबर १९४५

गं. भा. गुणमालाबाई यांस जयजिनेंद्र.

आपण सुनेला परस्पर काय लिहिलेत ते मी विचारीत नाही. परिणाम मात्र कळवतो. गेल्या मंगळवारी अंथऊच्या वेळी सून आपणहून पितळी घेऊन आली आणि माझ्यासमोर, सौ.समोर, पाट मांडून जेवायला बसली. मी कारण विचारले. "आजीनं सांगितलंय," असे शांतपणे म्हणाली आणि दुसरी भाकरी घेतली. चि. भूपाल ताटावरून उठून बाहेर गेला. सौ.ने सुनेला आमटी वाढली आणि ती देवळात निघून गेली. त्या दिवसापासून रोज हेच चालले आहे. सौ. स्वतः मात्र पहिल्या दिवसापासून एकाशन करीत आहे ते तसेच करते, आणि आता तर वाळून गेली आहे.

ज्यांना आमच्या घरच्या व्रताची चाड नाही त्यांनी आपल्या घरी सुखाने दोनदा जेवावे. येत्या गुरुवारी हरिबा मिरजेकडे जाणार आहे. त्याच्या सोबतीने सुनेला पाठवीत आहे. महाराज येऊन प्रायश्चित्त होईल तेव्हा न्यायला येऊ.

घड्याळ कोणी मागे घेतले याची चौकशी आपण एका पत्रात तीन-तीन वेळा करता. उत्तर देण्यास मी बांधील नाही. इतकेच म्हणतो की सौ.चा त्या मुलावर जीव आहे. त्याला आईच्या नजरेतून उतरवून आपल्या पदरात काय पडणार? झाले ते झाले. आपण वयाने मोठ्या आहात, जरा शांततेने घ्यावे.

आपला,
रामगोंडा

*

कवठे महांकाळ,
३ डिसेंबर १९४५

बायकोला मोटारीत बसवून द्यायला सवता अड्ड्यापतोर यायचं सोडून तुमी कचेरीत निघून गेलात, हे हरिबानं सांगितलं तवा मला पयल्यांदा तुमची कीव आली. राग आला असता तर बरं झालं असतं. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

जावईबापू भूपालराव, जयजिनेंद्र. हे पत्र तुमच्या वडलांना न्हाई. तुमाला हाय. म्हणून कचेरीच्या पत्त्यावर धाडलंय.

त्रिशला सुखरूप पोचली. तिच्या गाठोड्यात एक फडकं होतं, त्यात धपाटी आन शेंगाची चटणी. ते तुमच्या आईनं बांधून दिलं. मोटारीत बसताना पोरीच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "गाडी कुठं बी थांबू दे, दिवस असेपतोर खा. आन पोट भरून खा." त्यांच्या घशाखाली त्या दिवशी सकाळचे चार घास गेले होते तेवढेच.

मी शालूबाईंना कडू समजत होते. तुमच्या वडलांना तसं लिवलं बी. त्या वाढतात आन सवता बसत न्हाईत, हे हरिबाला दिसलं होतं, मला त्याचा अर्थ कळला न्हाई. ती बाई कडू न्हाई, कडक हाय. सुनेला जे सांगितलं ते आधी सवताला लावलं, आन सुनेनं मोडलं तरी आपलं सोडलं न्हाई. तिला वाटतं आपण शिकलेल्या सुनेच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला आन फसलो. असं तिला वाटू देणारा माणूस रोज तिच्याच हातची भाकरी खातो.

तुमच्या वडलांनी लिवलंय, आईच्या नजरेतनं मुलगा उतरंल. म्हंजे सून उतरली ते चाललं. आन आई वाळली ते बी चाललं. एका मुलाला आईच्या नजरेत राखायला त्या घरात दोन बायका झिजतायत, तिसरा जीव पोटात हाय. मी अडाणी हाय, मला हा हिशेब कळत न्हाई.

त्रिशला अजून तुमचं नाव घेत न्हाई. मी विचारलं, खरं काय ते सासूला का सांगितलं न्हाई. तर म्हणाली, "आजी, ते सांगतील म्हणून थांबले." मी तिला म्हणाले, पृथ्वीसाठी थांबणारी घड्याळं बरी, त्यांना उपास पडत न्हाई.

आता माझं म्हणणं. पोरगी हितंच ऱ्हाईल, बाळंतपण हितंच व्हईल. प्रायश्चित्त ती घेणार न्हाई. महाराज उद्या माझ्या दारात आले तरी मी पाय धुवून, आहार देऊन, हात जोडून सांगीन की चूक तिची न्हाई. तुमचे वडील गाडी घेऊन न्यायला आले तर चहा पाजून मोकळी गाडी परत लावीन. माझा लेक मधे पडला तर त्याला बी त्या गाडीत बसवीन.

तिला न्यायचा रस्ता एकच हाय. तुमी आईपुढं बसायचं. वडील असू देत, गडी असू दे, कुणाला बाहेर काढायचं न्हाई. आन सांगायचं की घड्याळ मी मागं घेतलं, बायकोला सांगायला विसरलो, आन दारात आलो तवा ते माझ्या ध्यानात आलं होतं पण मी भ्यालो. पृथ्वीची गोष्ट मधे आणायची न्हाई. ती मागनं सांगा, त्यांना आवडंल बी. इसरणं हा काही गुन्हा न्हाई, माणूस इसरतो. दीड महिना गप बसणं इसरण्यात येत न्हाई.

तुमची आई काय करंल ते मला ठाऊक न्हाई. रडंल, बोलंल, दोन दिवस तुमच्या ताटात वाढणार बी न्हाई. पण तिसऱ्या दिवशी ती दोन येळा जेवंल. नजर उतरली तर चढवायला तुमच्याकडं सगळा जन्म हाय. तिच्या अंगात आता तेवढी ताकद न्हाई, हे हरिबा सुद्धा सांगतो, आन तो घोंगडीबिगर कशाकडं बघत न्हाई.

मी सवता येऊन शालूबाईंना सांगू शकते. मिरजेपतोर गाडी हाय, माझे पाय अजून चालतात. पण मी सांगणार न्हाई. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांचा मुलगा खरंच जाईल. तुमच्या तोंडून ऐकलं तर ऱ्हाईल.

ह्या पत्राचं उत्तर तुमी द्यायचं. वडलांचं अक्षर आता मी लांबनं वळखते, त्या अक्षरात पाकीट आलं तर न फोडता परत धाडीन. त्रिशलाला वेगळी चिठ्ठी लिवायची न्हाई, हरिबाकडं निरोप द्यायचा न्हाई. आधी आईला सांगायचं, मग कागद घ्यायचा. लिवायचं तुमी, आन खाली अंगठा तुमच्या आईचा.

गुणमाला